डब्यातली शिस्त आणि गिरणीतला धोटा

प्रश्न : मी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय समाजशास्त्र. रोज डोंबिवलीहून दादरला लेडीज डब्यातून जाते. समाज टिकून का राहतो, यावर पुस्तकात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम म्हणतो एकमतामुळे, मार्क्सवादी म्हणतात दडपणामुळे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आणि एवढ्या गर्दीत रोज मारामाऱ्या का होत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न मला जास्त आवडला, म्हणून तिथूनच सुरुवात करते. डब्यात शिरल्याबरोबर आपण बसलेल्या बाईला विचारतो, "कुठे उतरणार?" ती "घाटकोपर" म्हणाली की ती सीट आपली. हे कुठे लिहिलेलं नाही, बघायला टीसी येत नाही. तरी मध्येच चढलेली कुणी तिथे टेकली, तर अख्खा डबा तिच्यावर तुटून पडतो. दुर्खीमचं म्हणणं हेच : नियम आपल्या आधीपासून असतो, आपल्या बाहेर असतो आणि मोडायला गेलं की टोचतो. 1893 साली त्याने मांडलं की लहान, साध्या समाजात माणसं सारखी असतात म्हणून एकत्र राहतात. शहरात कामं वेगळी होतात आणि एकमेकांवाचून अडतं म्हणून. हार्वर्डचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्स याने 1951 मध्ये यावर मोठी चौकट उभी केली. परीक्षेपुरती ती नीट वाच. मला स्वतःला ती फार गुळगुळीत वाटते.

आता त्याच डब्यात खिडकीकडे बघ. ग्रुपमधली पहिली बाई पर्स, ओढणी, डबा ठेवून मैत्रिणींच्या जागा अडवते. नवीन मुलगी समोर उभी राहते आणि भांडत नाही. तिला हे पटलंय म्हणून? मुळीच नाही. उद्याही हीच गाडी पकडायची आहे, ग्रुपशी वाकडं घेऊन चालणार नाही, एवढंच. संघर्षवादी, म्हणजे तुझे ते मार्क्सवादी वगैरे, इथेच बोट ठेवतात : गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. मुसोलिनीच्या तुरुंगात लिहिणारा इटालियन मार्क्सवादी ग्रामशी आणखी पुढे गेला. वर्षभराने तीच मुलगी म्हणते, "त्या किती वर्षं येतायत, त्यांचा हक्कच आहे." वरचढांची सोय खालच्यांना रीतच वाटू लागते, त्याला आपण धुरीणत्व म्हणतो.

पण मुंबईत राहून हा विषय शिकणाऱ्या मुलीने गिरणगाव वगळलेलं मला चालणार नाही. माझे वडील कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात होते, म्हणून हे मी घरात ऐकत वाढले. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा, आणि त्याच्या आत सूत गुंडाळलेली असते ती कांडी. कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. धागा एकाच्या ओठाला लागला की दुसऱ्याच्याही लागणार. त्यामुळे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात घेत नसत आणि आड येणारे होते सोबतचे सवर्ण कामगारच. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. मालकाविरुद्ध एकत्र उभे राहणारे हात धोट्यापाशी वेगळे होत होते. 1936 मध्ये त्यांनी याचं कारणच मांडलं : जातींच्या उतरंडीत जवळपास प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, प्रत्येकाकडे गमावण्यासारखं थोडं काही असतं, म्हणून सगळे मिळून उतरंडीविरुद्ध उठत नाहीत. स्थैर्याचं इतकं धारदार स्पष्टीकरण मला पॅरिस किंवा हार्वर्डच्या कुणाकडे सापडलेलं नाही आणि आपल्या अभ्यासक्रमात ते सिद्धांताच्या प्रकरणात हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता तुझी अडचण. दुर्खीम आणि मार्क्स यांना दोन खोल्यांत कोंडलंय ते गाइडवाल्यांनी. दुर्खीमच्या त्याच 1893 च्या ग्रंथात बळजबरीच्या श्रमविभागणीवर स्वतंत्र प्रकरण आहे : काम कुवतीप्रमाणे न मिळता जन्मावर लादलं गेलं, तर त्यातून एकी निपजत नाही, असं तो स्वतः सांगतो. धोट्याचं उदाहरण तिथे चपखल बसतं. उत्तरपत्रिकेत ते लिही, परीक्षकाला आवडेल की नाही याची काळजी करू नकोस.

प्रोजेक्ट बाकी असेल तर एक सुचवते. गार्फिंकेल हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांना साधे रोजचे नियम मुद्दाम मोडायला लावायचा आणि लोक काय करतात ते टिपायला सांगायचा. तू नियम मोडू नकोस, फक्त पर्स ठेवणाऱ्या बाईंना शांतपणे विचार, "ताई, ही जागा यांची कशी ठरली?" त्या काय म्हणतात ते लिहून घे. मग उभ्या असलेल्या मुलीला तेच विचार, पण दादरला उतरल्यावर, ग्रुप ऐकत नसताना.