‘नायिका’ कुणाला म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे. माध्यम-अभ्यासाच्या प्रबंधिकेत रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉपच्या सात पात्रभूमिका मराठीत मांडताना एका विद्यार्थिनीने ‘हीरो’साठी नायक आणि ‘प्रिन्सेस’साठी नायिका हे शब्द घेतले. मार्गदर्शकांनी ‘नायिका’वर काट मारली, पण कारण सांगितलं नाही. तिचं म्हणणं असं, की नायकचं स्त्रीलिंगी रूप नायिका, आणि गोष्टीत नायकाचं जिच्याशी लग्न होतं तीच नायिका. मग चुकलं कुठे?

रूप बरोबर आहे. घोटाळा आहे तो ‘जिच्याशी लग्न होतं’ या शब्दांत, आणि तो तिच्या एकटीचा नाही. आपण सगळेच हा शब्द तसा वापरतो.

धातूपासून सुरुवात करू. ‘नी’ म्हणजे नेणे. नेणारा तो नायक, नेणारी ती नायिका. आता प्रॉपची राजकन्या पाहा. ती कुणाला कुठेही नेत नाही, तिलाच नेलं जातं. आधी दुष्ट तिला पळवून नेतो, मग राजपुत्र तिला परत आणतो. शब्दाच्या मूळ अर्थाच्या नेमक्या उलट टोकाला उभ्या असलेल्या पात्राला आपण तो शब्द देऊन बसलो आहोत.

प्रॉपने १९२८ साली लोककथांच्या रचनेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अफानास्येवच्या संग्रहातल्या शंभर रशियन अद्भुतकथा तपासून त्याने ३१ कार्यं, म्हणजे कथेला पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती, आणि सात कार्यक्षेत्रं वेगळी काढली. ही कार्यक्षेत्रं म्हणजे माणसं नव्हेत, कामांचे गट आहेत. एकच पात्र दोन क्षेत्रांत वावरू शकतं, एकच क्षेत्र दोघांत वाटलं जाऊ शकतं. ज्या क्षेत्राला आपण सवयीने ‘राजकन्या’ म्हणतो, त्याचं त्याने केलेलं वर्णन ‘जिचा शोध घेतला जातो ती व्यक्ती’ असं आहे. आणि नायकाबद्दल तो जे म्हणतो ते तर या प्रश्नाच्या मुळाशीच जातं. एखादी मुलगी पळवली गेली किंवा घराबाहेर हाकलली गेली, आणि कथेचा धागा मागे राहिलेल्यांना सोडून तिच्याच नशिबामागे गेला, तर त्या कथेची ‘हीरो’ ती मुलगी. म्हणजे बाई आहे म्हणून राजकन्येचा खण आणि पुरुष आहे म्हणून नायकाचा, अशी वाटणी प्रॉपने केलेली नाही. ‘नायक-नायिका’ ही जोडी तक्त्यात लिहिली, की ती वाटणी आपण करून टाकतो.

मग त्या खणाला मराठीत काय म्हणावं? मला उत्तर पाणिनीजवळ सापडतं. कर्म कशाला म्हणायचं हे सांगताना तो लिहितो, ‘कर्तुरीप्सिततमं कर्म’. कर्त्याला आपल्या क्रियेने जे मिळवण्याची सर्वांत जास्त इच्छा असते, ते कर्म. प्रॉपची राजकन्या म्हणजे हेच ईप्सित. ही नुसती योगायोगाची जुळणी नाही. १९६६ मध्ये फ्रेंच कथाशास्त्रज्ञ ग्रेमासने प्रॉपची सात क्षेत्रं आटवून सहा भूमिका केल्या, तेव्हा पहिली जोडी व्याकरणातूनच उचलली: कर्ता आणि कर्म. कथा म्हणजे लांबवलेलं वाक्य, असं हे शास्त्र मानतं, आणि वाक्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे.

इथे मराठीची एक लकब सांगायलाच हवी. ‘राजपुत्राने राजकन्या सोडवली.’ कर्मणी प्रयोग, म्हणून क्रियापद राजकन्येप्रमाणे चालतं. दोन सोडवल्या तर ‘सोडवल्या’. वाक्यभर स्त्रीलिंग दिसतं, पण तिने केलं काय? काहीच नाही. पडद्यावरच्या स्त्रीचित्रणाबद्दल लिहिताना हे वाक्य मला नेहमी आठवतं. ती प्रत्येक चौकटीत आहे, सगळं तिच्या रूपाप्रमाणे वाकतं, आणि क्रिया दुसऱ्याची आहे. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वीने १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकातल्या आपल्या गाजलेल्या निबंधात अभिजात हॉलिवुडपटांबद्दल जे मांडलं, ते याच जातीचं आहे. पुरुष कथा पुढे नेतो. बाई पाहिली जाण्यासाठी येते आणि तिच्यापाशी कथा क्षणभर थांबते. तिच्या संज्ञेला मराठीत ‘पुरुषी नजर’ म्हणतात, ते चांगलं रुळलं आहे, बदलू नये.

‘नायिका’चा अर्थ असा सरकला कसा? थोडा दोष संस्कृत नाट्य-काव्यशास्त्राच्या परंपरेचा. नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत हे चार प्रकार त्याच्या स्वभावावरून पडतात. अष्टनायिका मात्र वासकसज्जा, खंडिता, प्रोषितभर्तृका, अभिसारिका अशा, म्हणजे प्रियकर यायचा आहे, चुकला आहे, परदेशी गेला आहे की आपणच त्याच्याकडे निघालो आहोत, यावरून. स्वीया-परकीया तर थेट ‘कुणाची’ यावरच. नायकाचेही दक्षिण, शठ, धृष्ट, अनुकूल असे प्रेमातल्या वागणुकीवरून प्रकार आहेत, हे सांगायला हवं, नाहीतर परंपरेवर अन्याय होईल. पण त्याला स्वतःच्या स्वभावाचं निराळं कोष्टक मिळालं, आणि तिची अष्टनायिका ही ओळख त्याच्याशी असलेल्या नात्यावरच उभी राहिली.

बाकीचा दोष बोलभाषेचा. याच शब्दाचा ‘नाईक’ झाला, त्यातून हुद्दा आला, आडनाव आलं. स्त्रीलिंगी ‘नायकीण’ मात्र गोव्या-कोकणाकडे कलावंत बाईला म्हणू लागले. नेतृत्वाचा अर्थ एका लिंगाकडे राहिला, दुसऱ्याकडे करमणुकीचा गेला. या बायकांच्या गळ्यातलं गाणं केवढं मोठं होतं हे ठाऊक असलेल्याला ते फार लागतं. आणि आज ‘नायिकाप्रधान चित्रपट’ असं मुद्दाम लिहावं लागतं. ‘नायकप्रधान’ लिहिलेलं सहसा दिसत नाही.

पण मराठी कथेत बाईने नेलेलंच नाही, असं समजू नका. श्रावणातली आदित्यराणूबाईची कहाणी घ्या. एक बहीण राजाची राणी, दुसरी प्रधानाची. वडील कहाणी सांगायला येतात. राणीला ऐकायला सवड नाही, धाकटी मनोभावे ऐकते. राणीला दारिद्र्य येतं, तिचे मुलगे मावशीकडे जातात, मावशी कोहळा पोखरून होन-मोहरांनी भरून देते, आणि वाटेत सूर्यनारायण माळ्याच्या रूपाने येऊन तो काढून घेतो. ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ ही प्रॉपच्या भाषेत चक्क निषेधाज्ञा, आणि कहाणी ऐकायला दिलेला नकार म्हणजे आज्ञाभंग. देणारी मावशीच, मदत करणारीही तीच. चुकणारी बाई, भोगणारी बाई, शेवटी कहाणी ऐकून सावरणारीही बाई. इथे कुणी कुणाचं ईप्सित नाही. या दोघींना नायिका म्हणावं असं कधी कुणाच्या मनात येत नाही, कारण गोष्टीत प्रियकर नाही!

दुसरं उदाहरण ‘उंबरठा’ या शब्दातूनच येतं. स्त्रीवादी चित्रपट-अभ्यासक तेरेसा दे लॉरेतिस हिने १९८४ मध्ये चिन्हमीमांसक युरी लोटमनच्या मांडणीवर बोट ठेवलं. त्या मांडणीत कथेला मुळात दोनच पात्रं लागतात: सीमा ओलांडणारा, आणि जी ओलांडायची ती जागा. दे लॉरेतिसचं म्हणणं, की ओलांडणारा पुरुष ठरतो आणि ती जागा, तो अडथळा स्त्रीरूप होतो. आपल्या भाषेत ‘उंबरठा ओलांडणे’ बाईच्या बाबतीत दोनच प्रकारे ऐकू येतं: माप ओलांडून आत येणं, नाहीतर पायरी सोडून बाहेर जाणं. जब्बार पटेलांच्या १९८२ च्या ‘उंबरठा’मध्ये स्मिता पाटीलची सुलभा नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून परगावी जाते. परतल्यावर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि ती पुन्हा घर सोडते. ओलांडणारी तीच, दोन्ही वेळा. तिला ‘या चित्रपटाची नायिका’ म्हटलं तर काही चुकत नाही, पण त्या शब्दाने हे ओलांडणं पोचतही नाही.

म्हणून माझी सूचना अशी. तक्त्यात ‘नायक’ लिहू नका, ‘नायकपद’ लिहा. मुख्यमंत्रिपद, सरपंचपद यांसारखंच: पद तेच, बसणारी व्यक्ती कुणीही. ‘या कथेत नायकपद सुलभाकडे आहे’ हे वाक्य सरळ मराठी आहे आणि प्रॉपच्या विचाराला धरून आहे. ‘ती कर्णधार आहे’सारखं ‘ती नायक आहे’ असंही काही जण लिहितील. माझ्या कानाला ते अजून खटकतं. राजकन्येच्या खणात ‘ईप्सित व्यक्ती’ लिहा. मग त्या खणात एखादा हरवलेला भाऊ किंवा नवरा आला तरी शब्द बदलावा लागणार नाही. ‘मुख्य पात्र’ नपुंसकलिंगी आहे म्हणून सोयीचं वाटेल, पण ते मुख्य कोण एवढंच सांगतं, नेतं कोण हे सांगत नाही; तिथे ते नको.

‘नायिका’ हा शब्द टाकून मात्र देऊ नका. विश्लेषणाच्या प्रकरणात, जिथे एखादी बाई खरोखर कथा नेते, तिथे तो धातूच्या अर्थाने वापरा, आणि पहिल्या वापराच्या वेळी एका ओळीत तसं लिहून ठेवा.