पीए (फिजिशियन असिस्टंट) अभ्यासक्रमात शिकवायला रुजू होण्याआधी

चि. मुली हीस,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

नेमणुकीचं कळलं, फार आनंद झाला. विद्यापीठ ख्रिस्ती आहे, मग माझ्या शिकवण्यात वेगळं काय असायला हवं, असं तू विचारलं आहेस. एका ओळीत उत्तर देता येईल असा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तासाआधी दोन मिनिटं प्रार्थनेची प्रथा तिथे असेल, तर जरूर पाळ. पण तेवढ्यानं अभ्यासक्रम ख्रिस्ती होत नाही. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीनं पेशंट तपासणारे आणि उपचार करणारे, घडवण्याची चौकट अमेरिकेत सगळीकडे एकच आहे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात कोअरमन (वैद्यकीय सहायक) म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. थोड्या काळात भरपूर वैद्यक आणि लगेच पेशंटसमोर, हा गाभा तेव्हापासूनचा. आज हा साधारण सव्वादोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष वर्गात जातं, उरलेलं रोटेशनवर, म्हणजे एकेका विभागात आळीपाळीनं प्रत्यक्ष काम शिकण्यात. मान्यता देणारी एआरसी-पीए ही संस्था लोमा लिंडासारख्या ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठाला, ट्रेवेकासारख्या नाझरीन विद्यापीठाला आणि सरकारी विद्यापीठाला तीच मापं लावते. शेवटी सगळ्यांची मुलं पॅन्स हीच प्रमाणपत्राची राष्ट्रीय परीक्षा देतात: ३०० प्रश्न, ६०-६० चे ५ भाग, दर भागाला १ तास. तिथे श्रद्धेचे वेगळे गुण नाहीत. मग फरक दिसावा कुठे? माझ्या मते, पेशंटच्या नोंदीत.

खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा तुझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना संडे स्कूलपासून पाठ असेल. तीच मुलं दुसऱ्या महिन्यात बिनदिक्कत लिहितात, 'फुफ्फुसं स्वच्छ, पोट मऊ, नाड्या दोन्हीकडे सारख्या'. प्रत्यक्षात स्टेथोस्कोप गाऊनवरूनच दोन ठिकाणी टेकवलेला असतो आणि पायाच्या नाडीला हातही लागलेला नसतो. ही मुलं लबाड नसतात. संगणकावरच्या साच्यात सगळं 'नॉर्मल' आधीच भरलेलं असतं आणि बदललं नाही तर तसंच राहतं. म्हणून पहिल्या सत्रात साचा वापरूच देऊ नकोस. कोऱ्या पानावर लिहायला लाव. ओएससीईत (ठरावीक वेळात पेशंट तपासून दाखवायच्या प्रात्यक्षिक परीक्षेत) १५ मिनिटं पेशंटसाठी आणि १० मिनिटं नोंदीसाठी दे, आणि तपासताना व्हिडिओ आणि नोंद शेजारी-शेजारी ठेव. जे केलं नाही ते लिहिलेलं दिसलं, की राहिलेल्या तपासणीपेक्षा दुप्पट गुण काप. 'केलं नाही' असं सरळ लिहिणाऱ्याचे मात्र एकदाच कापायचे. हा हिशेब पहिल्याच दिवशी सांगून टाक, म्हणजे नंतर कुरबूर होत नाही.

ब्लड प्रेशर या बाबतीत फार उपयोगी पडतं, कारण ते सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. पेशंटनं ५ मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याच्या, म्हणजे कफच्या, आतली पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी भरली पाहिजे; लहान कफ लावला की आकडा खोटाच वर जातो. हवा सेकंदाला साधारण २ मिलिमीटरनं सोडायची. मुलं ती भस्सकन सोडतात, मग नेमका आवाज कुठे सुरू झाला ते कळत नाही आणि अंदाजानं १४०/९० लिहून मोकळी होतात. एका तासात सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर लिही आणि शेवटी शून्य असलेले किती ते त्यांनाच मोजू दे. डायलवर रेघा २-२ च्या असताना सगळे आकडे शून्यानं संपत असतील, तर काय चाललंय ते सांगायची गरज उरत नाही.

आता ज्या विषयाला ख्रिस्ती विद्यापीठात सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो तो: लैंगिक इतिहास विचारणं. अनेक मुलं अशा घरांतून येतात, जिथे हे विषय कधी उघडपणे बोललेच गेले नाहीत. मग २४ वर्षांची बाई उजव्या ओटीपोटात दुखतंय म्हणून येते. बोटात अंगठी नाही, गळ्यात क्रॉस आहे. विद्यार्थी आवाज खाली आणून विचारतो, 'तुमचे तसे काही संबंध नसतील ना?' ती नकारार्थी मान हलवते आणि हा अपेंडिक्सच्या मागे लागतो. शेवटची पाळी विचारायची राहते, प्रेग्नन्सी टेस्ट राहते, आणि तिकडे गर्भनलिकेतला गर्भ फुटायच्या बेतात असतो. चूक त्या 'ना' मध्ये आहे. प्रश्नातच उत्तर घालून दिलं, की पेशंट तेच परत देतो.

हे प्रकरण स्टँडर्डाइज्ड पेशंटकडून (पेशंटची भूमिका करायला तयार केलेल्या व्यक्तीकडून) जसंच्या तसं घडवून आण. त्याआधी मुलांना जोड्यांनी समोरासमोर बसवून वाक्यं मोठ्यानं म्हणायला लाव. पहिलं वाक्य ठरलेलं: 'हे प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते, उत्तरांवरून कोणत्या तपासण्या करायच्या ते ठरतं.' मग जोडीदार किती आणि कोण, संबंध कोणत्या प्रकारचे, संसर्गापासून बचावासाठी काय वापरता, पूर्वी असा आजार झाला होता का, मूल हवंय की नकोय. सीडीसीनं (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं) दिलेले हे पाच मुद्दे याच क्रमानं विचारायचे. सुरुवातीला हसू येईल, येऊ दे. तिसऱ्या फेरीला थांबतं. किशोरवयीन पेशंट असेल तर आई-वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवायचं. आणि एक नियम पक्का: मूल होण्याच्या वयातल्या बाईचं पोट दुखत असेल तर उत्तर काहीही येवो, प्रेग्नन्सी टेस्ट करायचीच.

इथून पुढचा प्रश्न येणारच: गर्भनिरोधक आणि गर्भपात. काही शिक्षक हा भाग घाईघाईनं उरकतात आणि त्याला तत्त्व म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. माहिती पूर्ण द्यायची. संबंध आल्यानंतरच्या तातडीच्या गर्भनिरोधनात लेव्होनॉरजेस्ट्रेल जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत. युलिप्रिस्टल १२० तासांपर्यंत. कॉपर टी पाच दिवसांपर्यंत. गर्भनलिकेतल्या गर्भासाठी मेथोट्रेक्सेट हे गर्भाची वाढ थांबवणारं औषध कधी देता येतं, ते दिल्यावर चौथ्या आणि सातव्या दिवशीच्या एचसीजीमध्ये (रक्तातल्या गरोदरपणाच्या संप्रेरकामध्ये) निदान १५ टक्के घट का बघायची, आणि नाडी वाढून ब्लड प्रेशर पडत असेल तर औषधाचा विचार सोडून सर्जनला का बोलवायचं, हे प्रत्येकाला आलंच पाहिजे. नलिकेतला गर्भ वाढून जन्माला येण्याची आशा नसते; तिथे घुटमळलं तर आई जाते. विद्यार्थ्याच्या सदसद्विवेकाला कायद्यात जागा आहे. गर्भपातात किंवा नसबंदीत भाग घ्यायला नकार देणाऱ्यांना १९७३ च्या चर्च दुरुस्त्यांचं संरक्षण आहे. (चर्च हे इथे सिनेटरचं आडनाव, वर्गात हमखास घोळ होतो.) पण तो नकार रोटेशन सुरू होण्याआधी लेखी स्वरूपात क्लिनिकल समन्वयकाकडे द्यायचा. पेशंटच्या खोलीत, तिच्यासमोर चेहरा पाडून द्यायचा नाही. आणि तात्काळ उपचार लागणाऱ्या पेशंटची स्थिती सावरणं १९८६ च्या एमटाला कायद्यानं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, हेही सोबत शिकव.

पेशंटच्या श्रद्धेबद्दल विचारायला फिका ही पद्धत सोपी आहे. श्रद्धा काय, तिचं आयुष्यात महत्त्व किती, पाठीशी मंडळी कोण, आणि उपचारांत आम्ही तिची दखल कशी घ्यावी, असे चार प्रश्न. हे घर-नोकरी-व्यसनं विचारतो त्याच ओघात दोन मिनिटांत बसतात. विद्यार्थी इथे दोन प्रकारे घसरतात. काही जण यादी वाचतात. काही जणांना वाटतं की आता आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची संधी आली. या दुसऱ्या प्रकारच्यांना वेळीच आवर. पेशंट आजारी आहे, गाऊनमध्ये आहे, तुमच्यावर अवलंबून आहे. अशा वेळी त्याला 'नको' म्हणता येत नाही. त्यानं आपणहून मागितली तरच प्रार्थना, तीही अर्ध्या मिनिटाची, प्रीसेप्टरला (रोटेशनवर देखरेख करणाऱ्या शिक्षकाला) सांगून, आणि बरं होण्याचं वचन न देता. ज्याला जमत नाही त्यानं चॅपलनला (हॉस्पिटलच्या धर्मसेवकाला) बोलवावं, त्यात कमीपणा नाही. तुझ्या वर्गात मुस्लिम, हिंदू, कशावरच विश्वास नसलेली मुलंही असतील. त्यांना प्रार्थना करायला लावायची नाही, पण हे चार प्रश्न मात्र सगळ्यांनीच विचारायचे. मधुमेहाचा पेशंट रोजे धरणार असेल किंवा एखादी आजी निर्जळी एकादशी करत असेल, तर ते औषधाचे डोस ठरवण्याआधी कळायला हवं. यहोवाचे साक्षीदार (रक्त घेणं नाकारणारा पंथ) असलेल्या पेशंटला नातेवाईक बाहेर पाठवून एकट्याला विचारायचं, आणि एकेक घटक वेगळा विचारायचा: तांबड्या पेशी, प्लाझ्मा, अल्ब्युमिन, रक्त गोठवणारे घटक. पहिल्या दोहोंना बहुधा नकार येतो, पुढच्या दोहोंबद्दल ज्याचा-त्याचा निर्णय असतो. 'रक्त नको' एवढीच नोंद रात्री दोन वाजता ऑपरेशन थिएटरमध्ये कुणाच्या उपयोगाची नाही.

गुणांच्या बाबतीत मी तुला थोडं कठोरपणे सांगणार आहे. ख्रिस्ती संस्थेत कच्च्या विद्यार्थ्याला दयेपोटी पुढे ढकलण्याचा मोह फार असतो. त्या दयेची किंमत दोन वर्षांनी एखादा पेशंट भरतो, आणि मुलगा कर्ज काढून पॅन्सला बसतो आणि नापास होतो. दया दाखवायची तर चौथ्या आठवड्यात दाखव. पहिल्या परीक्षेत मागे पडलेल्याला त्याच आठवड्यात बोलवून घे आणि आधी शोध की अडलंय कुठे: माहिती कमी, माहिती आहे पण जुळवता येत नाही, हात चालत नाही, की झोप आणि घरची काळजी? तीच परीक्षा पुन्हा घेणं म्हणजे सुधारणा नव्हे. मुलं उत्तरं पाठ करून येतात. नवे प्रश्न काढ, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नात बाकीचे पर्याय का नाहीत ते तोंडी सांगायला लाव, आणि काय ठरलं ते तारखेसह लिहून दोघांच्या सह्या घे. वागणुकीची तक्रार असेल तर ती गुणांच्या तक्रारीत मिसळू नकोस, ती वेगळ्या कागदावर.

रोटेशनचं थोडक्यात. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, इमर्जन्सी, बालरोग, स्त्री-आरोग्य, सर्जरी आणि मानसिक आरोग्य हे टाळता येत नाहीत. जागा शोधणं ही विद्यापीठाची जबाबदारी आहे, विद्यार्थ्यावर टाकता येत नाही. विद्यार्थ्याला कर्मचाऱ्याच्या जागी राबवताही येत नाही, मग ते मिशनचं हॉस्पिटल का असेना. रोटेशनच्या मध्यावर प्रीसेप्टरला फोन कर. 'कसं चाललंय?' विचारलंस तर 'छान' एवढंच ऐकू येईल. 'गेल्या आठवड्यात त्यानं स्वतः मांडलेलं एक निदान सांगा' असं विचार.

आणि मिशन ट्रिप. दहा दिवस, परका देश, रांगेत चारशे माणसं, आणि इथे टाके घालायची परवानगी नसलेला विद्यार्थी तिथे दात उपटतोय, असे फोटो मंडळीच्या (चर्चच्या) भिंतीवर लागतात. इथे जे करायची मुभा नाही ते तिथेही करायचं नाही. यजमान देशाची परवानगी कोणाकडे आहे, एका प्रीसेप्टरमागे विद्यार्थी किती, दुभाषी कोण, हे निघण्याआधी कागदावर हवं. सर्वांत मोठी चूक औषधांची होते. ब्लड प्रेशरच्या अमलोडिपिनच्या ३० गोळ्या देऊन येतात; एकतिसाव्या दिवशी पेशंटकडे काही नसतं. म्हणून तिथल्या हॉस्पिटलच्या औषधांची यादी आधी मागवायची, त्यातलंच लिहायचं आणि पुढची तारीख तिथल्याच डॉक्टरची द्यायची. जंतांसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम सरसकट वाटतानाही पहिल्या तीन महिन्यांच्या गरोदर बायका वेगळ्या काढाव्या लागतात, म्हणजे पुन्हा पाळी विचारणं आलंच. मिरजेचं मिशन हॉस्पिटल तुला ठाऊक आहेच. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये ते उभं केलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहून चालवलं. मुलांना घेऊन तिकडे कधी गेलीसच, तर त्यांना निरीक्षक म्हणून ने, आणि सांगली-मिरजेकडच्या बायका दुखणं कसं सांगतात ते नुसतं ऐकायला लाव.

कळावे.
तुझा हितचिंतक

ता. क. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात लॅबमधले कफ मोजून घे. दंडाचा घेर ३४ सेंटिमीटरच्या वर गेला की मोठा कफ लागतो, आणि बहुतेक ठिकाणी असा एखादाच असतो, तोही गळका. नेमणुकीसोबत श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतील. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाच, अडलं तर डीनना सहीआधी विचार.