कंपनीचं नाव वाचलंत, आता पदाचं नाव वाचा

पत्र

नमस्कार. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. माझी मुलगी यंदा कम्प्युटर इंजिनिअर झाली, तिला बावीस पूर्ण झाली. कॉलेजातून ऐरोलीच्या एका खासगी आयटी कंपनीत वर्षाला ३ लाख ६० हजारांवर निवड झाली होती, पण ऑफर लेटर येऊन चार महिने झाले तरी रुजू व्हायची तारीख आलेली नाही. मधल्या काळात तिने भारत इलेक्ट्रॉनिक्सची परीक्षा दिली आणि बंगळुरूला सॉफ्टवेअरच्या विभागात ‘ट्रेनी इंजिनिअर’ म्हणून तिची निवड झाली. माझे सासरे फौजेत होते, त्यामुळे घरात सगळ्यांना फार आनंद झाला. मिस्टर म्हणतात, सरकारी नोकरी लागली, चिंता मिटली; दोन वर्षांनी तळोज्याला बदली मागून घेऊ, तिथे कंपनीचं युनिट आहे. ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, अडीच लाख दिलेत तर पर्मनंट करून देतो. मुलीचं वेगळंच चाललंय. तिने कुठेतरी वाचलं की जर्मनीत सैन्याचं सगळं आयटी एकच सरकारी कंपनी सांभाळते, आणि आपल्याकडे तसंच असेल असं तिला वाटतं. आमचा दाखला राज्याचा एसईबीसीचा आहे. काय करावं?

एक आई, विक्रोळी

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी त्या अडीच लाखांचं. एक रुपयाही देऊ नका. त्या गृहस्थांनी अजून काही कागद मागितले असतील, आधार, गुणपत्रिका, सही केलेला कोरा चेक, तर तेही देऊ नका, आणि दिले असतील तर आजच परत मागा. तुमच्या मुलीने परीक्षा देऊन, स्वतःच्या गुणांवर जागा मिळवली आहे. या कंपनीत कायम पदावर जायचा रस्ता वेगळ्या जाहिरातीतून आणि वेगळ्या परीक्षेतून जातो. तो कुणाच्या ओळखीतून जात नाही. माझ्याकडे अशी दोन घरं येऊन गेली आहेत ज्यांनी पैसे भरले, एकाने तर गावची जमीन गहाण टाकून. दोघांनाही शेवटी मिळाला तो खोट्या लेटरहेडवरचा कागद. म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.

आता पदाचं नाव. तुमच्या मिस्टरांचा आनंद खरा आहे आणि तो मला मोडायचा नाही, पण ‘सरकारी कंपनी’ आणि ‘सरकारी नोकरी’ यांत मोठं अंतर आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, ही १९५४ साली बंगळुरूला सुरू झालेली, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली नवरत्न कंपनी. तिथे इंजिनिअरांची भरती मुख्यतः तीन दारांनी होते. ‘प्रोबेशनरी इंजिनिअर’ हे कायम नोकरीचं दार: मूळ वेतन ४०,००० पासून, वर महागाई भत्ता आणि बाकीचं. ‘प्रोजेक्ट इंजिनिअर’ आणि ‘ट्रेनी इंजिनिअर’ ही दोन्ही मुदतीची, कंत्राटी पदं. गेल्या काही वर्षांतल्या जाहिरातींत ट्रेनीला पहिल्या वर्षी महिना ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३५,००० आणि मुदतवाढ मिळाली तर तिसऱ्या वर्षी ४०,००० असं मानधन आहे. मुदत दोन वर्षं, कामाची गरज असेल तर आणखी एक. त्यानंतर करार संपतो. चांगलं काम केलं की आपोआप कायम करतात, असं कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नाही. मुलीच्या हातातला कागद तुम्ही तिघांनी एकदा शेजारी बसून, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचा. ‘तात्पुरत्या स्वरूपात’ हे शब्द तुम्हाला सापडतील.

एक हिशेब करून पाहा. महिना ३०,००० म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. ऐरोलीवाल्यांचा आकडाही तोच. फरक इतकाच की ऐरोलीला ती घरून डबा घेऊन जाईल, आणि बंगळुरूत पीजीचं भाडं, जेवण, ये-जा हे सगळं त्यातूनच भागवायचं. तेव्हा पगारासाठी बंगळुरूला जाण्यात अर्थ नाही. जायचं तर कामासाठी आणि पुढच्या दारासाठी जायचं.

आणि त्या पुढच्या दाराला वयाची चौकट आहे. प्रोबेशनरी इंजिनिअरसाठी खुल्या गटाला २५ ही कमाल वयोमर्यादा राहत आली आहे. इथे तुमच्या दाखल्याचा प्रश्न येतो, म्हणून तुम्ही तो सहज लिहिलेला असला तरी मी त्यावर थांबतो. एसईबीसीचं आरक्षण राज्याच्या कायद्यातलं आहे. केंद्र सरकारच्या कंपनीत ते धरलं जात नाही. केंद्राच्या यादीतल्या ओबीसींना (नॉन-क्रीमी लेयर) वयात तीन वर्षं आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत असते. ती तिला मिळणार नाही. घरचं उत्पन्न आणि मालमत्ता केंद्राच्या अटींत बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येईल, पण तो केंद्राच्या नमुन्यातला हवा, त्या त्या आर्थिक वर्षाचा हवा, आणि त्याने वयात सवलत मिळत नाही. म्हणजे तिच्यासाठी २५ म्हणजे २५च. आज ती बावीसची आहे. ट्रेनीची दोन वर्षं नुसती कामात गेली तर ती चोवीस पूर्ण करून बाहेर पडेल आणि हातात जेमतेम एखादी जाहिरात उरेल. म्हणून अभ्यास पहिल्या महिन्यापासून. दिवसभर काम करून रात्री ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटा स्ट्रक्चर पुन्हा उघडणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. पण परीक्षेत तांत्रिक भागच मोठा असतो आणि तो विषय तिच्या डोक्यात आत्ता ताजा आहे, तो वर्षभराने तसा राहणार नाही.

तळोज्याचं सांगतो. युनिट आहे, हे खरं. पण नवी मुंबईचं ते युनिट मुख्यतः शेल्टर आणि मास्ट बनवतं. शेल्टर म्हणजे लष्करी वाहनावर चढवायच्या, आत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवायच्या केबिन, आणि मास्ट म्हणजे अँटेनाचे उंच खांब. ते मेकॅनिकलवाल्यांचं घर आहे. सॉफ्टवेअरचं मोठं काम बंगळुरू, गाझियाबाद अशा ठिकाणी चालतं. शिवाय कंत्राटी पदाची नेमणूक त्या युनिटपुरती, त्या प्रकल्पापुरती असते. बदलीचा बेत डोक्यातून काढूनच निर्णय घ्या. नाहीतर दोन वर्षं ती तिथे आणि तुम्ही इथे, रोज एकाच गोष्टीची वाट पाहत बसाल.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तो मला मनापासून आवडला, कारण बावीसाव्या वर्षी फार थोडी मुलं पगारापलीकडचं विचारतात. तिने वाचलं ते बरोबर आहे. जर्मनीत ‘बीडब्ल्यूआय’ नावाची कंपनी आहे, बॉनजवळ मेकनहाइमला तिचं मुख्यालय. २००६ मध्ये ती जर्मन सरकार, सीमेन्स आणि आयबीएम यांनी मिळून काढली आणि २०१६ च्या अखेरीला पूर्णपणे सरकारच्या मालकीची झाली. सैन्याच्या कचेऱ्यांतले संगणक, टेलिफोन, डेटा सेंटर, रोजच्या कारभाराचं सॉफ्टवेअर, सगळं ती सांभाळते.

आपल्याकडे असं एकच छत्र नाही. काम अनेक ठिकाणी वाटलेलं आहे, आणि तिने ही वाटणी समजून घेतली तर पुढची दहा वर्षं कुठे दार ठोठवायचं ते तिला कळेल. लष्कराच्या स्थिर दळणवळण जाळ्याचा, ‘अस्कॉन’चा चौथा टप्पा आयटीआय लिमिटेडकडे आहे. २०२० मध्ये झालेला तो करार सुमारे ७,७९६ कोटींचा. आयटीआय लिमिटेड ही दूरसंचार विभागाची, १९४८ पासूनची कंपनी. तिन्ही दलांसाठी स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचं जाळं टाकायचं काम बीएसएनएलकडे आलं. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बनवणारी हैदराबादची ईसीआयएल अणुऊर्जा विभागाखाली येते. संशोधन डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळांत होतं, त्यात बंगळुरूची ‘केअर’ ही कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबोटिक्सची. आणि रोजचं जाळं चालतं ठेवणं हे दलांच्या स्वतःच्या माणसांचं, म्हणजे सिग्नल्सच्या (लष्कराच्या दळणवळण शाखेच्या) वर्दीतल्या जवान-अधिकाऱ्यांचं काम.

बीईएलचा वाटा या सगळ्यात कुठे, तर कचेरीतल्या संगणकापेक्षा रणांगणाजवळ. ‘आकाशतीर’चं नाव तिने मे २०२५ मध्ये बातम्यांत ऐकलं असेल. लष्कराच्या हवाई संरक्षणासाठीची ही यंत्रणा, मार्च २०२३ मध्ये १,९८२ कोटींचा करार झाला तो बीईएलशी. वेगवेगळी रडार आपापल्या जागी जे पाहतात ते एकत्र करून एकच चित्र प्रत्येक तुकडीसमोर ठेवायचं, म्हणजे समोरून येतंय ते आपलं की परकं आणि त्यावर कुणी मारा करायचा हे क्षणात ठरवता यावं. एक इंजिनिअर म्हणून विचार करा, यातला अवघड भाग कोणता? दहा रडारांनी एकाच विमानाच्या दहा नोंदी पाठवल्या तर पडद्यावर ते एकच दिसलं पाहिजे, आणि दोन विमानं जवळून गेली तर ती दोनच दिसली पाहिजेत. जाळ्याचा एक दुवा तुटला तरी बाकीचं चालत राहिलं पाहिजे. असं काम ऐरोलीत एखाद्या परदेशी बँकेचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळताना हाताखालून जाणार नाही.

दुसरं उदाहरण तर तुमच्या घरापासून लोकलच्या अंतरावरचं आहे. १५ जानेवारी २०२५ ला नौदलाच्या मुंबई गोदीत ‘आयएनएस निलगिरी’ ताफ्यात दाखल झाली. बांधली माझगाव डॉकने. पण त्या युद्धनौकेचा मेंदू, म्हणजे सोनार (पाण्याखालचं आवाजावरून टिपणारं यंत्र), रडार आणि शस्त्रं एका पडद्यावर जोडणारी कॉम्बॅट मॅनेजमेंट सिस्टिम, बीईएलची आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून पलीकडे दिसणाऱ्या क्रेनखाली उभ्या राहणाऱ्या जहाजांत बीईएलची यंत्रणा चालते. सासऱ्यांची परंपरा म्हणत असाल, तर ती इथे वर्दीशिवाय पुढे जाऊ शकते. (वर्दीच हवी असेल तर नौदलात आयटीसाठी शॉर्ट सर्व्हिसची भरती निघते, मुलींनाही. तिथेही वयाचं बंधन पंचविशीच्या आसपासच असतं, त्यामुळे तिला विचारा, पण आत्ताच विचारा.)

या कामाची एक किंमत आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. तिला तिचं काम कुणाला दाखवता येणार नाही. फोन बाहेर ठेवून आत जायचं, कामाचा संगणक इंटरनेटला जोडलेला नसतो, लिहिलेली एक ओळही घरी आणायची नाही. तिच्या मैत्रिणी गिटहबवर, म्हणजे आपला कोड सगळ्यांना दाखवायच्या संकेतस्थळावर, आपले प्रकल्प टाकतील, ही टाकू शकणार नाही. करार संपल्यावर खासगी कंपनीच्या मुलाखतीत ‘काय केलंत’ विचारलं की तिला तपशील न देता उत्तर द्यावं लागेल. माझ्याकडे आलेला एक मुलगा याच प्रश्नावर तीन मुलाखतींत अडखळला होता. त्यावर उपाय आहे. कामाशी अजिबात संबंध नसलेला एखादा स्वतःचा प्रकल्प तिने सुट्टीत, स्वतःच्या लॅपटॉपवर चालू ठेवावा. सी आणि सी प्लस प्लस, लिनक्स, सॉकेट प्रोग्रॅमिंग, चाचणीची शिस्त ही कौशल्यं सांगता येतात. बायोडेटात काय लिहायचं ते वरिष्ठांना विचारून लिहावं.

समाजमाध्यमांचं मात्र तुम्ही आई म्हणून तिच्याशी बोला. कुठल्या प्रकल्पावर आहे, कुठे चाचणीला गेली, गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो, यातलं काहीही कुठेही टाकायचं नाही. तुम्हीही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिमानाने टाकायचं नाही. अशा कंपन्यांतल्या माणसांना अनोळखी गोड बोलणाऱ्या खात्यांवरून गाठलं जातं आणि त्यातून अटका झालेल्या आहेत. १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा कंत्राटी माणसालाही लागू होतो.

तर माझं मत. तिला जाऊ द्या. ऐरोलीची तारीख लागलेली नाही, आणि जिथे तारीख आहे तिथलं काम अधिक शिकवणारं आहे. पण घरात सगळ्यांनी याला ‘नोकरी लागली’ म्हणणं थांबवा. दोन वर्षांचं, मानधन मिळणारं शिक्षण म्हणा. नाहीतर प्रत्येक नातेवाईक स्थळं आणताना ‘सरकारीत आहे’ सांगेल आणि करार संपला की पोरीला उगाच अपयश आल्यासारखं वाटेल. प्रोबेशनरीची जाहिरात येईल तेव्हा पहिली संधी सोडायची नाही, ‘पुढच्या वेळी देईन’ हे वाक्य तिला परवडणारं नाही. जाहिरातीत पदवीच्या शाखेची नावं दिलेली असतात, तिच्या पदवीवर जे नाव छापलंय ते त्या यादीत शब्दशः आहे का हे फी भरण्याआधी पाहायचं. डीआरडीओसाठी गेटचा, म्हणजे इंजिनिअरांच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, स्कोअर लागतो, म्हणून फेब्रुवारीतली गेटही द्यायची. अभ्यास जवळपास तोच आहे. प्रोबेशनरीत दोनदा जमलं नाही तर हा अनुभव घेऊन खासगी संरक्षण उद्योगाकडे वळता येईल. पवईला लार्सन अँड टुब्रो आहे, तिथून विक्रोळी किती लांब हे तुम्हाला मी सांगायला नको.

ऐरोलीला इतक्यात नकार कळवू नका. बंगळुरूची कागदपत्रं तपासून, वैद्यकीय चाचणी होऊन ती प्रत्यक्ष रुजू झाली की मग दोन ओळींचा सभ्य मेल पाठवायचा. ऐरोलीच्या पत्रात बॉण्डची काही अट आहे का, आणि ती ऑफर स्वीकारल्यापासून लागू होते की रुजू झाल्यापासून, एवढं मात्र आधी वाचून घ्या.

पोलीस पडताळणी होईल. कन्नमवार नगरचा पत्ता आधार, मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्ड यांवर एकसारखा आहे का ते या आठवड्यातच बघा. म्हाडाच्या इमारतींचा पुनर्विकास चालू असलेल्या घरांत संक्रमण शिबिराचा पत्ता एका कागदावर आणि जुना दुसऱ्यावर, असं हमखास होतं आणि मग महिना-दीड महिना फुकट जातो. ईडब्ल्यूएसच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जाल तेव्हा ‘केंद्र सरकारच्या नोकरीसाठी’ असं स्पष्ट सांगा. करारपत्र आलं की त्याची प्रत मला पाठवा, मुदत आणि नोटिशीचा भाग आपण एकत्र वाचू.