जुन्या कार्डाच्या जाहिरातीतला फोटो कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला पीसी, माळ्यावरून खाली काढलाय, त्याला साउंड कार्ड हवंय, आणि ऐरोलीहून जाऊन आणता येतील अशा तीन सेकंडहँड जाहिराती सापडल्यात. पहिली ‘साउंड कार्ड’ म्हणते, दुसरी ‘व्हीजीए कार्ड (मॉनिटर जोडायचं), रेअर’ आणि तिसरी नुसतं ‘कॉम्प्युटर कार्ड, चालू की बंद माहीत नाही’. फोटो तुम्ही टाकलेच आहेत, ते मी नीट पाहिले.

मी १९९४ पासून वागळे इस्टेटमध्ये हार्डवेअरचं काम केलं, त्या अनुभवावरून सांगतो. आधी जाहिरातीचं नाव बाजूला ठेवा. विकणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. एखाद्या बंद पडलेल्या ऑफिसचं सामान त्याने वजनावर उचललेलं असतं, आणि तीस वर्षांपूर्वीचं कार्ड ओळखायचं त्याला काही कारण नसतं. मागे एक गोल जॅक दिसला की साउंड, निळा कनेक्टर दिसला की व्हीजीए, असं तो लिहून मोकळा होतो.

धूसर फोटोतूनही कळणारी पहिली गोष्ट म्हणजे पत्र्याची पट्टी, जी पीसीच्या मागच्या बाजूला दिसते, ती कार्डाच्या कुठल्या बाजूला आहे. चिपा आपल्या समोर आणि स्लॉटमध्ये बसणारे सोनेरी दात खाली, असं कार्ड मनातल्या मनात उभं करा. पट्टी उजव्या हाताला आली तर ते आयएसए, म्हणजे जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं कार्ड; डाव्या हाताला आली तर पीसीआय किंवा एजीपी, म्हणजे नंतरच्या स्लॉटचं. दोन्हींत चिपा कार्डाच्या उलट बाजूंना बसवतात, म्हणून हा फरक पडतो. चिपेवरचं एक अक्षर वाचता आलं नाही तरी एवढं दिसतंच.

मग दात बघा. आयएसएचे दात रुंद, ठसठशीत, सहज मोजता येतील असे. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीच्या आठ-बिट कार्डाला दातांची एकच रांग असते, एका बाजूला ३१. १९८४ च्या आयबीएम एटी या पीसीपासून आलेल्या सोळा-बिट कार्डाला मध्ये एक फट सोडून पुढे आणखी १८. पीसीआयचे दात बारीक, दाट, जवळजवळ अर्ध्या अंतरावर. तुमच्या ४८६ मध्ये एखाद्या काळ्या स्लॉटच्या पुढे सरळ रेषेत आणखी एक, बहुधा तपकिरी, तुकडा दिसला तर तो व्हीएल-बस, ४८६ च्या काळातला जलद स्लॉट. त्याची कार्डं लांबलचक असतात आणि दातांचे तीन भाग दिसतात. एजीपी १९९७ चं, त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

आता पट्टीवरचे कनेक्टर. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पंधरा पिनांचे कनेक्टर दोन जातींचे असतात. तीन रांगांत दाटीने पंधरा भोकं म्हणजे व्हीजीए. दोन रांगांत, आठ आणि सात, म्हणजे जॉयस्टिकचा गेमपोर्ट, नाहीतर जुन्या जाड केबलच्या नेटवर्कचा एयूआय. गेमपोर्ट आणि एयूआय फोटोत अगदी सारखे दिसतात. मी स्वतः तुर्भे स्टेशनबाहेर एकाकडून ‘साउंड कार्ड’ म्हणून असंच एक घेतलं होतं. घरी येऊन टेबलावर ठेवलं तेव्हा लक्षात आलं की पंधरा पिनांच्या दोन्ही टोकांना स्क्रूच्या षटकोनी नळ्या नाहीत, त्याऐवजी एक पातळ पत्रा मागेपुढे सरकतोय. ती सरकती कडी एयूआयची खूण. शेजारी टीव्हीच्या केबलसारखं गोल बीएनसी कनेक्टरही होतं. ते मला जागेवरच दिसायला हवं होतं, पण संध्याकाळच्या गर्दीत कार्ड पिशवीत घातलं आणि गाडी पकडली. तेव्हापासून पट्टीचा समोरून काढलेला फोटो मिळाल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

तुमच्या पहिल्या जाहिरातीत तीच कडी दिसते. ते नेटवर्क कार्ड आहे, साउंड नाही. त्याला जॅक एकही नाही, हेही बघा.

दुसऱ्या जाहिरातीतल्या पट्टीवर नऊ भोकांचा कनेक्टर आहे. तो व्हीजीए नव्हे, त्याच्या आधीच्या मोनोक्रोम, सीजीए किंवा ईजीए मॉनिटरचा. तुमचा मॉनिटर त्याला लागणारच नाही. आवडीने जमवणाऱ्याला ते हवंसं वाटेल, पण तुमची गरज वेगळी आहे. हाच कनेक्टर पिना बाहेर आलेला असता तर तो सिरियल पोर्ट. आणि कधी पीसीआय कार्डावर एकाच पट्टीला दोन व्हीजीए दिसले तर थांबून नीट बघा. १९९६ चं थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू हे गेमसाठीचं थ्रीडी कार्ड तसं असतं: एका कनेक्टरमधून साध्या ग्राफिक कार्डाचं चित्र आत येतं, दुसऱ्यातून मॉनिटरला जातं. ‘डबल व्हीजीए’ म्हणून ते भंगाराच्या भावात जाताना मी पाहिलंय आणि फार वाईट वाटलंय.

तिसरी जाहिरात, जिला नावच नाही, तीच तुमच्या कामाची आहे. पट्टी उजवीकडे, दातांत फट, म्हणजे सोळा-बिट आयएसए. ओळीने बारीक जॅक, आवाज कमीजास्त करायचं चाक, आणि दोन रांगांचा पंधरा पिनांचा गेमपोर्ट. मधल्या चाळीस पिना सीडी-रॉमसाठी असाव्यात. हे साउंड कार्ड आहे. प्रश्न एवढाच की कोणाचं.

त्यासाठी चिप वाचावी लागेल. विक्रेत्याला सांगा की कार्ड खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, वर्तमानपत्रावर ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाईल थोडा तिरका धरा. फ्लॅशमध्ये काळ्या चिपेवरची अक्षरं पांढरी होऊन पुसली जातात. दोन्ही बाजूंचे मिळून चार फोटो मागा, लोक आनंदाने देतात. साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीच्या कार्डावर ‘सीटी’ आणि पुढे चार आकडे छापलेले असतात: सीटी १६०० म्हणजे साउंड ब्लास्टर प्रो २, सीटी १७४० म्हणजे साउंड ब्लास्टर १६, सीटी ३९०० म्हणजे एडब्ल्यूई ३२. यामाहाची वायएमएफ २६२ चिप दिसली तर डॉसच्या गेममधलं संगीत अस्सल वाजेल. मात्र सीटी २९४० सारख्या नंबरात काही कार्डांना यामाहाचा भाग आहे आणि काहींना नाही, तिथे नुसत्या नंबरावर पैसे देऊ नका. चिपेवर ‘९४३२’ असं काही दिसलं तर तो मॉडेल नंबर समजू नका, ती १९९४ च्या ३२ व्या आठवड्याची तारीख. काहीच वाचता आलं नाही तर ‘एफसीसी आयडी’ हा कार्डावर छापलेला अमेरिकन सरकारी मंजुरीचा नंबर शोधा. त्याची सुरुवातीची अक्षरं कंपनीची असतात आणि अमेरिकेच्या एफसीसीच्या साइटवर ती शोधता येतात.

जंपर, म्हणजे पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या, दिसत असतील तर ४८६ साठी उत्तमच; गेमना कार्ड सापडायला लागणारे पोर्ट २२० आणि इंटरप्ट ५ हे नंबर हाताने लावता येतात.

आपल्याकडची हवा दमट. दातांवर हिरवट थर असेल तर पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलं की बहुतेकदा भागतं. पट्टी गंजलेली असली तरी चालते. तुटलेली चिप किंवा जळका डाग मात्र नको.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. नौपाड्यातल्या एका डीटीपीवाल्याने ‘जुनं ग्राफिक कार्ड’ म्हणून जाहिरात टाकली होती. फोटोच्या कोपऱ्यात बरोबरच्या पुस्तिकेवर ‘जिस्ट’ एवढंच वाचता येत होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं हे तंत्र. ते कार्ड बसवलं की डॉसच्या पीसीवर देवनागरी उमटायची. युनिकोड घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी मराठी मजकूर अशा कार्डांवर टाइप झालाय. मी त्याच संध्याकाळी चालत जाऊन ते आणलं. सोन्याच्या दातांसाठी अशी कार्डं किलोवर वितळवायला जातात. जाहिराती चाळताना हे नाव दिसलं तर तुम्हाला नको असलं तरी मला कळवा.

तिसऱ्यावाल्याकडून फोटो आले की इथेच टाका. रविवारच्या आत आले तर चिप वाचून लगेच सांगतो.