आठवीतल्या मुलीला एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवावे का?

शाळेत चित्रकलेचे तास गणिताला दिले जातात, अशा स्थितीत मुलीला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवावे का आणि दहावीला त्याचे गुण खरोखर मिळतात का, असे आपण विचारले आहे. गुणांचे आधी सांगते. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाल्यास 7, ब मिळाल्यास 5 आणि क मिळाल्यास 3 वाढीव गुण मिळतात. नुसत्या एलिमेंटरीचे काही मिळत नाहीत. बसवावे का, याचे उत्तर मात्र मला एका ओळीत देता येणार नाही, कारण सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत मी एकोणतीस वर्षे चित्रकला शिकवली आणि त्यातील बरीचशी वर्षे याच परीक्षांवरून मुख्याध्यापकांशी वाद घालण्यात गेली.

वाद स्मरणचित्राचा, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायच्या चित्राचा होता. या विषयासाठी अनेक ठिकाणी तीन-चार चित्रे मुलांकडून घोटून घेतली जातात. डावीकडे झाड, मागे घरांची रांग, मध्ये तीन माणसे, त्यातील एक पाठमोरे. विषय भाजी मंडईचा आला तर हातात पिशवी द्यायची, रंगपंचमीचा आला तर पिचकारी. मी हे कधी करून घेतले नाही. मुलांना आठवडी बाजारात अर्धा तास नुसते उभे करायचे आणि वर्गात परत आल्यावर काढायला लावायचे, ही माझी पद्धत होती.

2009 साली एलिमेंटरीला बसलेल्या एका मुलीने बाजाराचे चित्र काढले होते. पेपर गोळा करताना मी ते पाहिले आणि गठ्ठा हातात धरून तशीच उभी राहिले. तिची आई कांदे-बटाटे विकत असे आणि सुट्टीच्या दिवशी ही पोत्यावर तिच्या शेजारी बसे. कागदाच्या निम्म्या भागात तराजूचे पारडे होते आणि त्यापलीकडे कमरेखालची माणसे: धोतर, परकर, लोंबणाऱ्या नायलॉनच्या पिशव्या. चेहरा एकही नव्हता. वरच्या कडेतून आलेला एक हात दहाची नोट पुढे करीत होता.

तिला क श्रेणी मिळाली. घोटलेले चित्र काढणाऱ्या एकीला अ मिळाली. शिक्षक खोलीत मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, तुमच्या मुलीच्या माणसांना डोकी नाहीत हो.” सगळे हसले. पोत्यावर बसणाऱ्याला डोकी दिसत नाहीत सर, पाय दिसतात, हे उत्तर मला घरी पोहोचल्यावर सुचले. हेच सर दिवाळीनंतर माझे तास गणिताला देत आणि मला फलकलेखन, रांगोळी व गणपतीच्या मखराला जुंपत. ज्या शाळेला कलाशिक्षकाची आठवण 15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी येते, तिने अ श्रेणीच्या याद्या फलकावर लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा मुलीला जरूर बसवा, पण घोटून घेणाऱ्या क्लासला पाठवू नका. कर्तव्यभूमिती (म्हणजे पट्टी-कंपासने आकृत्या काढणे) आणि अक्षरलेखन सरावाने येते, ते तिला करू द्या. वस्तुचित्रासाठी घरचा तांब्या खिडकीपाशी ठेवा. बहुतेक मुले त्याचे तोंड गोल आणि बूड सपाट रेषेने काढतात. वास्तविक बूड नजरेच्या अधिक खाली असल्याने त्याचा वळसा तोंडापेक्षा जास्त गोलाईचा हवा. हे तिला सांगू नका, तांब्या पाहून तिचे तिला कळू द्या.

वाढीव गुणांचे नियम बदलतात आणि प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, म्हणून शाळेत वेळेवर चौकशी करावी. आणखी एक सांगायला हवे. श्रेणी सगळ्या विषयांची मिळून लागते आणि त्या मुलीची भूमिती कच्ची होती. तिची क श्रेणी स्मरणचित्रामुळेच आली, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. मुख्याध्यापकांपाशी मात्र मी हे कधी कबूल केले नाही.