‘केंद्रकात’ की ‘गुणसूत्रात’?

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा मराठी माध्यमात दहावीला आहे. पेशीतलं आनुवंशिक द्रव्य कुठे असतं, यावर तो ‘केंद्रकात’ म्हणतो आणि शेजारची कन्नड माध्यमातली मुलगी ‘वर्णतंतूत’. बरोबर कोण, आणि वर्णतंतू म्हणजे आपल्याकडचं काय?

ताई, दोघंही बरोबर आहेत. वर्णतंतू म्हणजे आपलं गुणसूत्र. केंद्रक ही जागा, गुणसूत्र ही त्या जागेतली वस्तू. गुणसूत्र बनतं डीएनए आणि प्रथिनं यांचं. त्यातलं आनुवंशिक द्रव्य म्हणजे डीएनए. माणसाच्या बहुतेक पेशींत अशी 46 गुणसूत्रं असतात.

‘क्रोमोसोम’ या मूळ नावाला कन्नड शब्द जास्त जवळचा. 1888 साली वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञानं ग्रीकमधले ‘रंग’ आणि ‘शरीर’ हे शब्द जोडून ते नाव घडवलं, कारण हे धागे रंग चटकन धरतात. मराठीतही ‘रंगसूत्र’ वाचायला मिळतं. मला मात्र ‘गुणसूत्र’च पटतो. रंग आपण बाहेरून दिलेला. पिढ्यान् पिढ्या उतरतात ते गुण. मुलाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर शाळेत कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला सांगा. कांद्याच्या पापुद्र्यात केंद्रकाचा नुसता ठिपका दिसतो. मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात, तिथं गुणसूत्रं आखूड, जाड काड्यांसारखी सुटी दिसतात.

फक्त ‘केंद्रकातच’ असं त्याला लिहू देऊ नका. तो ‘च’ चुकीचा आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) स्वतःचा छोटासा डीएनए असतो. माणसात त्यावर 37 जनुकं आहेत आणि तो आपल्याला आईकडून मिळतो. वनस्पतींत अन्न तयार करणाऱ्या हिरव्या हरितलवकातही डीएनए असतो. तुमच्या निपाणीचा तंबाखूच घ्या! हरितलवकाच्या डीएनएचा संपूर्ण क्रम ज्या वनस्पतींचा सगळ्यांत आधी उलगडला, त्यांत तंबाखू आहे. 1986 साली जपानी शास्त्रज्ञांनी हे काम केलं. क्रमाची लांबी डीएनएच्या घटकांच्या सुमारे 1 लाख 56 हजार जोड्यांची.

जिवाणूंना केंद्रकच नसतं, त्यांचा डीएनए पेशीद्रवातच असतो. आपल्या पक्व तांबड्या रक्तपेशींत तर केंद्रकही नाही आणि तंतुकणिकाही नाही. म्हणून रक्ताच्या नमुन्यातून डीएनए काढतात, तो पांढऱ्या पेशींचा.