रविवारी रात्री मटकी कुणाला आठवते?

"नवीन वर्षापासून घर जरा निवांत करायचंय. पण काही सोडायचं म्हटलं की वाटतं, मुलं मागे पडतील." डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात समुपदेशनाला येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. त्याचं उत्तर इथे एका घराच्या निमित्ताने देत आहोत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, घराचा पेच मात्र जसाच्या तसा आहे.

घर डोंबिवलीतलं. आई ठाण्याला बँकेत, बाबा ऐरोलीला आयटी कंपनीत, सोबत बाबांची आई. थोरली सहावीत, धाकटा दुसरीत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये घेतला. लहानग्यांच्या झोपेसाठी तो चांगलाच आहे. पण ज्या घरात एक मूल चौथीच्या आत आणि दुसरं पुढे असतं, तिथे सकाळ दोनदा होते. थोरलीची बस ६.४० ला, धाकट्याची व्हॅन ८.३० ला. दोन डबे, दोन दप्तरं, दोनदा दारात उभं राहून "पाण्याची बाटली घेतलीस का?"

आई येताना संकल्पांचा कागद घेऊन आली होती. पाचला उठणं, योगासनं, रोज सगळ्यांनी मिळून अर्धा तास वाचन, रविवारी मोबाईल बंद, महिन्यातून एक किल्ला, वगैरे सात संकल्प. सातही नवी कामं. घर निवांत करण्याच्या त्या यादीत कमी होणारी एकही गोष्ट नव्हती. नवीन वर्षाचे बेत फसतात ते बहुतेक वेळा इथेच. यादी बाजूला ठेवली आणि तिच्या फोनमधले अलार्म बघायला मागितले. एकोणीस होते, प्रत्येकाला नाव दिलेलं. "५.१० गॅस". "५.५० ताई". "१.४५ व्हॅनकाकांना फोन". "४.२० स्केटिंग, गुडघ्याचे पॅड". आणि फक्त रविवारी, रात्री साडेनऊला: "मटकी".

पहिले सात दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची, असं ठरलं. फ्रिजवर मोठा कागद, त्यावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी. कोण कुठे गेलं, किती वाजता परत आलं, आणि ते करायचं हे कुणी लक्षात ठेवलं, एवढंच लिहायचं. कागदाच्या कडेला आजींकडे एक काम दिलं: घरात कुणीही "लवकर" म्हटलं की एक रेघ ओढायची. बुधवारी दुपारी चार ते रात्री नऊ या पाच तासांत एकतीस रेघा झाल्या. बाबांनी त्या दोनदा मोजल्या.

कागदावरून तीन गोष्टी कळल्या. पहिली क्लासची. थोरलीचं कथक आठवड्यातून दोनदा, गणित तीनदा, चित्रकला एकदा. धाकट्याचं अबॅकस दोनदा, स्केटिंग तीनदा. एकूण अकरा वेळा. प्रत्येक क्लास तासाभराचा, म्हणून आईबाबांच्या हिशेबात आठवड्याचे अकरा तास. पण तयारीची पंधरा मिनिटं, रिक्षा मिळून पोचायला वीस, परत यायला वीस, आल्यावर हातपाय धुऊन स्थिर व्हायला दहा, हे धरलं की अकराचे जवळपास तेवीस तास होतात. माणसाला दमवतं ते हे मधलं काम. म्हणून क्लासचे तास मोजू नका, दारातून आत-बाहेर किती वेळा होतं ते मोजा. आठवड्यातली दोन निघणी कमी झाली तरी घराला ते जाणवतं. तोच क्लास तासाऐवजी पाऊण तासाचा केला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट आजींनी पकडली. धाकट्याचं पोट सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास दुखतं. हे स्केटिंगचे वार. (मुलाचं पोट वारंवार दुखत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या मुलाला दाखवलं होतं, काही निघालं नव्हतं.) त्याला विचारलं तर म्हणाला, "मी पडलो की सर सगळ्यांना थांबून बघायला सांगतात." तीन महिने तो जात होता, आणि घरात कुणालाही हे विचारायला सवड नव्हती.

तिसरी गोष्ट झोपेची. थोरली पावणेअकराला झोपायची आणि ५.५० ला उठायची, म्हणजे जेमतेम सात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, ही निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे. ती चिडचिडी झाली आहे, अभ्यासात लक्ष नाही, म्हणून तिला गणिताचा क्लास लावला होता!

आता काय सोडायचं? प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारायला सांगतो. कुणी मागे लागलं नाही तर मूल स्वतःहून जाईल का? येण्याजाण्यासकट ती किती वेळ खाते? आणि तीन महिने बंद ठेवली तर नेमकं काय बिघडेल? तिसऱ्या प्रश्नाला "मागे पडेल" हे उत्तर चालत नाही. कशात मागे, कुणाच्या मागे, ते सांगावं लागतं. कथक पहिल्याच प्रश्नात पास झालं, शिवाय एप्रिल-मेच्या सत्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा द्यायची थोरलीचीच इच्छा होती. स्केटिंग त्याच आठवड्यात थांबलं. चित्रकला थोरलीनेच सोडली: "मला घरीच काढायला आवडतं." गणितावर बाबा अडून बसले, कारण मार्चपर्यंतची फी भरली होती. हा अडसर बहुतेक घरांत येतो. भरलेले पैसे मूल गेलं तरी परत येत नाहीत आणि नाही गेलं तरी येत नाहीत. ठरवायचं आहे ते उरलेल्या संध्याकाळींचं. तीनपैकी दोन दिवस बंद झाले, एक राहिला. अकराचे पाच झाले.

झोप एका रात्रीत मागे ओढता येत नाही. पावणेअकराला झोपणाऱ्या मुलीला नऊला अंथरुणात घातलं तर ती दीड तास छताकडे बघत पडते, मग भांडणं होतात आणि चौथ्या दिवशी बेत बुडतो. दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे यायचं. १०.४५ वरून ९.०० म्हणजे सात टप्पे, अठ्ठावीस दिवस. दप्तर, गणवेश, मोजे रात्रीच दाराशी ठेवल्यामुळे उठणं ६.१० वर गेलं, आणि झोप नऊ तासांच्या वर आली.

पण त्याच्या आड जेवण येत होतं. बाबा नऊला घरी पोचायचे आणि "एकत्र जेवायचं" म्हणून मुलं साडेनऊपर्यंत थांबायची. एकत्र जेवण चांगलंच, पण पेंगुळलेल्या मुलांनी ताटावर डुलक्या घेत केलेलं नव्हे. मुलांचं ताट पावणेआठला लागू लागलं, आई आणि आजी सोबत. एकत्र जेवणं शनिवार रात्र आणि रविवारवर गेली, आणि बाबा सकाळी आठला धाकट्यासोबत नाश्त्याला बसू लागले. ती वीस मिनिटं कुणाच्या हिशेबातच नव्हती.

आता मटकी. बाबांचं म्हणणं होतं, "मी मदत करतो की." करतही होते. पण मदत म्हटलं की काम दुसऱ्याचं असतं. मंगळवारच्या डब्यात मोड आलेल्या मटकीची उसळ हवी असेल तर ती रविवारी रात्री भिजत घालावी लागते, सोमवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी लागते, थंडीत ते फडकं उबेला ठेवावं लागतं. उसळ परतायला पंधरा मिनिटं. ती आठवण मात्र दोन दिवस डोक्यात फिरते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८. मटकी आठवत बसण्याचा वेळ त्या मिनिटांत धरलेला नसतो.

म्हणून काम वाटताना आठवण, तयारी आणि प्रत्यक्ष काम, तिन्ही एकत्र द्यायचं. मंगळवार आणि गुरुवारचे डबे बाबांचे झाले, म्हणजे काय करायचं हे ठरवण्यापासून डबा घासायला टाकण्यापर्यंत. नियम एकच: दोन आठवडे कुणी सूचना द्यायची नाही, विचारलं तरी फक्त जिन्नस कुठे आहे तेवढंच सांगायचं. हे आईला फार जड गेलं. पहिल्या रविवारी बाबांना मटकी आठवली नाही. तिला आठवली, आणि ती गप्प बसली. मंगळवारी मुलांनी तूप-साखर लावलेल्या पोळीचा रोल नेला. काहीही बिघडलं नाही. मधेच आठवण करून दिली असती तर मटकी वेळेवर भिजली असती, पण जबाबदारी परत तिच्याकडेच आली असती. पुष्कळ घरांत वाटणी इथे मोडते: एक विचारत राहतो, दुसरी सांगत राहते, आणि महिन्याभरात "त्यापेक्षा मीच करते" वर गाडी येते.

जानेवारीच्या मध्यावर पहिली कसोटी आली, संक्रांतीचं हळदीकुंकू. दरवर्षी साठ बायका, तीन संध्याकाळी, साठ वाणं, आदल्या रात्री जागून केलेले तिळाचे लाडू. आईने गृहीत धरलं होतं की आजींना हे कमी केलेलं चालणार नाही. म्हणून तिने कधी विचारलंच नव्हतं. या वेळी विचारलं. आजी म्हणाल्या, "अगं, साठ जणींना अत्तर लावताना मला एकीशीही बोलता येत नाही. मला माझ्या बारा मैत्रिणी पुरेत, पण बसायला हव्यात." रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं, म्हणून सोयीचा रविवार धरला. बिल्डिंगमधल्या दोन घरांनी मिळून एकच हळदीकुंकू केलं. वाण म्हणून पावशेर गूळ, कागदी पिशवीत. लाडू आजींनी आणि थोरलीने दुपारी केले, अर्धा किलो तिळाचे. बायका दोन तास बसल्या. सासूला काय चालणार नाही हे सुनेने मनातच ठरवणं, आणि सुनेला काय जमणार नाही हे सासूने, यात घराघरांतून किती श्रम वाया जात असतील!

अडचण आली ती तिसऱ्या आठवड्यात, आणि ती येणार हे आधीच सांगून ठेवलं होतं. रिकाम्या झालेल्या संध्याकाळी टीव्हीने आणि आजींच्या मोबाईलने भरून टाकल्या. आईचा घाबरून फोन आला: "त्यापेक्षा स्केटिंग बरं होतं." मोकळ्या वेळात सगळ्यात सोपी वस्तू आधी शिरते, दुसरं काही नाही. त्यावर नवं वेळापत्रक लावायचं नाही, फक्त सोपी वस्तू थोडी अवघड करायची. संध्याकाळी चार ते सहा या वेळेत सगळ्यांचे मोबाईल स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, आजींचाही. हॉलच्या कोपऱ्यात पत्ते, जुनी चादर, चिकटपट्टी, बुटांचे रिकामे खोके. मूल "कंटाळा आला" म्हणत पहिली वीस-तीस मिनिटं मागे लागतं. तेवढा वेळ मोठ्यांनी खेळ सुचवायचा नाही, हेच अवघड. पाचव्या दिवशी धाकट्याने खोके एकापुढे एक लावून डोंबिवली स्टेशन केलं, आणि आजींना तिकीट काढायला लावलं.

एक सावधगिरी. घरातल्या कुणाला दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर क्लास कमी करून भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जगायलाच नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

पुढचा आढावा पाडव्याला घ्यायचा, हे जानेवारीतच कॅलेंडरवर लिहिलं होतं. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ९६ जणांवरच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. १ जानेवारीपासून ६६ दिवस म्हणजे मार्चचा पहिला आठवडा. पाडवा त्यानंतर येतो, तोवर खरं काय टिकलं ते कळतं.

गुढी उभारून झाल्यावर चौघंजण आणि आजी फ्रिजवरच्या कागदाभोवती बसले. आईच्या फोनमध्ये सात अलार्म उरले होते. मटकीचा बाबांच्या फोनमध्ये गेला होता. बुधवारच्या "लवकर"च्या रेघा नऊवर आल्या होत्या. शनिवार अजूनही अंगावर येतो. थोरलीने गणिताचा क्लास जूनमध्ये पुन्हा तीन दिवस लावायचं म्हटलं आहे, या वेळी स्वतःहून. त्यावर निर्णय झालेला नाही, पण तो लागला तर कागदावरचं दुसरं काय पुसायचं, ते आधी ठरणार आहे. खोडरबर आजींकडे आहे.